थोडं डावं, थोडं उजवं

मे महिन्यात नागपुरात लोखंडाला हात लावायचा
तर सकाळी सातच्या आत.
हे माहीत असूनही मी रविवारी साडेदहाला बसलो
गोळीबार चौकामागच्या आमच्या बोळात
गोणपाट अंथरून, राजदूतपाशी.

सायलेन्सर सडला होता. खालून तीन भोकं.
दोन मी एम-सीलनं बुजवलेली,
तिसऱ्यातून नत्थूजी हेडाऊंची तक्रार यायची.

क्लॅम्पचा नट बारा-तेराच्या पान्यानं कुरकुरत फिरला,
बोल्ट मात्र मानेतच तुटला.
मग काहीच हललं नाही.
रॉकेल घातलं. वाट पाहिली. डिझेल घातलं.
लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली.
चाकाला पाय लावून ओढलं,
तर गाडीच स्टँडवरून माझ्या अंगावर यायला लागली,
दावं ओढलं की म्हैस येते तशी.

अठ्ठ्याऐंशी सालची गाडी.
तेव्हापासून बेंड पाइप सायलेन्सरच्या तोंडात
चार बोटं शिरून बसलेला.
मधल्या फटीत तेलाचा धूर साचत गेला,
डांबर झाला, दगड झाला.
कोण कुणाला धरून आहे
हे आता त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

भिंतीपलीकडून आवाज:
"काय करून राहिला बे?"

दीड वर्षात नत्थूजींचं माझ्याशी हे पहिलं वाक्य.
आधीचं शेवटचं, पोलीस चौकीत.
हिंगण्याला माझी पहिली पाळी,
पहाटे पाचला गाडी काढायचो
आणि सगळा बोळ माझ्यासोबत ड्युटीवर निघायचा.

"निघत नाही."
"ओढून राहिला न तू?"
"हो."
"ओढल्यानं गाठ बसते."

एकेचाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
पॉवरलूमनं उजवा कान नेला,
उरलेल्या डाव्यानं ते माझी गाडी ऐकत आले होते.
लुंगी खोचत फाटकातून आत आले,
चप्पल काढली, का कोण जाणे,
गाडीवर बसले, पुढचा ब्रेक आवळला
आणि असेल नसेल ते पन्नास किलो वजन मागे टाकलं.

"आता पीळ. थोडं डावं. थोडं उजवं.
बाहेर नाई, नुसतं फिरव.
त्याले समजलं नाई पाह्यजे का आपण काढून राहिलो."

केसभर हललं. की घामानं माझाच हात घसरला?
पुन्हा डिझेल. पुन्हा डावं, उजवं.
भिंतीवरून काकू: "बीपीची गोळी घेतली काय?"
"घेतली," म्हणाले. घेतली नव्हती, ते मलाही कळलं.
बोटभर.
फडकं भाजलं, दुसरं घेतलं.
दोन बोटं.
मग कुईऽऽ असा आवाज, माणसाचा वाटावा असा,
आणि मी बोळात उताणा, सायलेन्सर छातीवर.

मला वाटलं होतं, जोडाखाली झाकून राहिलेलं क्रोम
नवंकोरं निघेल.
तसं काही नव्हतं. काळा चिकट थर.
सायलेन्सर उभा करून आपटला
तर पावशेर काजळी पडली
आणि एम-सीलचा एक तुकडा, माझ्याच अंगठ्याच्या ठशाचा.

"चालू तर करून पाह्य."
"असंच? बिनसायलेन्सरचं?"
"मंग काय."

दुसऱ्या किकला बोळ फुटला.
कुत्री पळाली. कूलरचे पत्रे वाजले.
वरच्या खिडकीत नंदनवारांची सून येऊन
काहीतरी ओरडली, तिचं फक्त तोंड दिसलं.
नत्थूजींनी डावा कान इंजिनाकडे केला, डोळे मिटले,
धोटा नीट जातोय का, ते ऐकावं तसे.
मग मान वर करून तिच्यावरच ओरडले:
"दोन मिनिटं थांब न बाई! काम चालू हाये!"

आणि काळ्या मुठीनं हवेतच
ॲक्सिलरेटर फिरवून मला खूण केली:
पीळ.